गिडियन हॅलेनं दिलेलं मत

"तू आधी उतर," गिडियन म्हणाला. "मी आधी उतरलो तर लोक म्हणतील, हॅलेला घाई झालीय."

"आणि मी आधी उतरलो तर?"

"तुझ्याबद्दल ते आधीच तसं म्हणतात."

कोर्टासमोरच्या मैदानाच्या कडेला आम्ही दोघं आपापल्या घोड्यांवर बसून होतो. एप्रिल उजाडला होता, पण व्हर्जिनियाच्या त्या डोंगरपट्ट्यातली थंडी काही हाडांतून निघाली नव्हती. शेजारच्या काउंटीतलं कोर्ट संपवून पहाटे निघालो होतो. बूट चिखलानं भरलेले, पाठीचा काटा ढिला झालेला. त्या कोर्टात तीन दिवस आम्ही एका पाणचक्कीच्या भांडणावरून एकमेकांचे वाभाडे काढले होते, आणि रोज संध्याकाळी एकाच टेबलावर बसून एकाच ताटलीतलं डुकराचं मांस खाल्लं होतं. खाणावळीत पलंगही एकच. त्या काळी जज आणि वकील घोड्यांवरून गावोगाव फिरत, आणि वकिलाला स्वतंत्र पलंग मिळणं म्हणजे चैनीची परमावधी. मी माझ्या बायकोशेजारी जितका झोपलो नसेन तितका गिडियनशेजारी झोपलोय. तो घोरतो हे मला माहीत, आणि मी झोपेत साक्षीदारांची उलटतपासणी घेतो हे त्याला माहीत.

त्या दिवशी आम्ही राज्याच्या विधानसभेच्या एकाच जागेसाठी एकमेकांविरुद्ध उभे होतो. जागा गेली दोन वर्षं गिडियनकडे होती. मला ती हवी होती. का हवी होती, हे आज आठवून सांगायला बसलो तर धड सांगता येत नाही. चाळिशी उलटलेली, गुडघे बोलायला लागलेले, आणि गावोगावच्या ढेकणांचा कंटाळा आलेला. वाटायचं, हिवाळाभर रिचमंडला बसावं, शेकोटीजवळ बसून कायदे करावेत, दुसऱ्यांनी केलेले कायदे चिखलातून वाहत फिरू नये. इतकंच असेल.

शेवटी दोघं एकदमच उतरलो.

कोर्टाच्या पायऱ्यांशी जूडिथ तिची टोपली घेऊन बसली होती. कोर्टाचा दिवस असो नाहीतर मतदानाचा, तिचे आल्याचे केक खाल्ल्याशिवाय आमच्या गावात कोणाचा दिवस पुरा होत नसे. काळी बाई, पस्तिशीची, हातापायानं दणकट. आदल्या नाताळापर्यंत ती एका म्हाताऱ्या विधवेची गुलाम होती. विधवा मेली तेव्हा मृत्युपत्रात जूडिथला मोकळं करून गेली. मोकळं केलं, पण नवा कायदा म्हातारीच्या लक्षात नव्हता. मोकळ्या झालेल्या गुलामानं वर्षाच्या आत राज्य सोडून जायचं. नाही गेला, तर सरकारनं त्याला धरून पुन्हा विकायचं. तिचा नवरा ॲरन आणि तीन मुलं नदीपलीकडच्या मेजर ट्रॅव्हर्सच्या मालकीची. ती राज्याबाहेर गेली असती तर मोकळी राहिली असती, आणि एकटी राहिली असती. यातून सुटायला एकच वाट होती. विधानसभेनं तिच्या एकटीसाठी वेगळा ठराव करायचा, की या बाईला इथं राहू द्यावं. तसा अर्ज विधानसभेत मांडायचं गिडियननं कबूल केलं होतं.

"हॅलेसाहेब," जूडिथ म्हणाली, "आज पडू नका."

"पडणं माझ्या हातात नसतं, जूडिथ."

"उभं राहणं होतं ना? मग पुढचंही बघा की जरा."

गिडियन हसला नाही. त्यानं नुसती टोपी सारखी केली. मग ती माझ्याकडे वळली. "आणि कॉल्डवेलसाहेब, तुम्ही निवडून आलात तर माझा अर्ज तुम्ही मांडाल?"

तोंड चुकवायला मला जागा नव्हती. "मी शब्द दिलाय, जूडिथ."

"कोणाला?"

"मेजरना. असे अर्ज आले तर विरोधात मत देईन म्हणून."

हा शब्द मी मेजरला आणि त्याच्याबरोबरच्या बागायतदारांना दिला होता, आणि त्यांची मतं त्यावरच उभी होती. मोकळी काळी माणसं आसपास राहिली की आपले गुलाम बिघडतात, असं त्यांचं म्हणणं. मला ते फारसं पटत नव्हतं, पण खटकतही नव्हतं. आमच्या काउंटीत गुलाम नसलेलं घर म्हणजे गरिबाचं घर. आणि माझं घर गरिबाचं नव्हतं.

जूडिथनं टोपलीतला एक केक उचलून माझ्या हातावर ठेवला. "घ्या. शिळा नाही," म्हणाली. तो केक मी खाल्ला. चांगला होता, हेच वाईट.

मतदान म्हणजे काय असायचं, ते आताच्या पोरांना सांगावं लागेल. आता काही राज्यांत कागदावर नाव लिहून पेटीत टाकतात म्हणे, कोणी कोणाला मत दिलं ते बायकोलासुद्धा कळत नाही. आमच्याकडे मत तोंडानं द्यायचं. कोर्टाच्या दालनात एक लांब टेबल, मधोमध शेरीफ, शेजारी कारकून, आणि टेबलाच्या दोन टोकांना आम्ही दोघं उमेदवार. एकेक मतदार गडी आत यायचा, शेरीफ विचारायचा, "कोणाला मत?" आणि गड्यानं सगळ्या गावासमोर, उमेदवारांच्या तोंडावर, खणखणीत आवाजात नाव घ्यायचं. ज्याचं नाव घेतलं त्यानं उठून, वाकून, "मिस्टर अमुक, आपले उपकार मी विसरणार नाही," असं म्हणायचं. ज्याचं घेतलं नाही त्यानं चेहरा हसरा ठेवून बसून राहायचं. दिवसभर.

मेजर ट्रॅव्हर्स सकाळपासून खिडकीशी उभा होता. बोलत काही नव्हता. त्याची जमीन कसणारे लोक आत आले की आधी खिडकीकडे बघत आणि मग नाव घेत. डॅन स्टोव्हर नावाचा एक शेतकरी आला. दोन वर्षांपूर्वी घोडा चोरल्याच्या आरोपातून गिडियननं त्याला फासाच्या दोरीवरून ओढून आणलं होतं, तेही फुकट. डॅन टेबलासमोर उभा राहिला, टोपी हातात चुरगाळत. शेरीफनं विचारलं. डॅननं खिडकीकडे बघितलं.

"एझ्रा कॉल्डवेल," तो पुटपुटला.

"मोठ्यानं," शेरीफ म्हणाला.

"एझ्रा कॉल्डवेल!"

मी उठलो, वाकलो, उपकार विसरणार नाही म्हणालो. डॅन गिडियनकडे न बघता निघून गेला. गिडियन शांतपणे म्हणाला, "पोरं बरी आहेत ना रे तुझी?" डॅननं मागं वळूनही बघितलं नाही. मला वाटतं, तो बाहेर जाऊन रडला असावा. नसेलही, डोंगरातली माणसं कुठं रडतात ते कळत नाही.

गिडियनलाही मतं कमी नव्हती. डोंगरमाथ्यावरचे लोक, लोहार, कातडी कमावणारे, दुसऱ्याची जमीन न कसणारे सगळे त्याचे. ऊन कलेपर्यंत आमची रस्सीखेच चालली. कधी मी दोनानं पुढं, कधी तो तीनानं. शेवटी शेरीफनं दारात जाऊन तीनदा पुकारा केला, "आणखी कोणी मत द्यायचं राहिलंय?" कोणी आलं नाही. कारकुनानं बेरीज केली, पुन्हा केली, आणि मान वर करून म्हणाला, "दोघांची सारखी."

आणि मग हळूहळू माझ्या बाजूचे लोक हसायला लागले. त्यांचं गणित पक्कं होतं. मत द्यायचे आता फक्त आम्ही दोघं राहिलो होतो, आणि आमच्या त्या टेबलाचा एक अलिखित नियम होता. उमेदवारानं सगळ्यांत शेवटी मत द्यायचं, आणि ते समोरच्याला द्यायचं. स्वतःचं नाव स्वतःच्या तोंडानं घेणं म्हणजे पाहुण्याच्या आधी आपलंच ताट वाढून घेणं. कितीही हलकट माणूस उमेदवार असो, हे त्या दालनात कोणी कधी केलं नव्हतं. तेव्हा मी त्याला मत देणार, तो मला देणार, बरोबरी तशीच राहणार. आणि बरोबरी झाली की कौल शेरीफचा. शेरीफ लेम्युएल पाइक. माझा साडू.

म्हणजे मी निवडून आलो होतो. नुसती दोन नावं घ्यायची बाकी होती.

"मिस्टर कॉल्डवेल," लेम्युएलनं विचारलं, "कोणाला मत?"

मी उठलो. अशा वेळी माणूस जरा जास्तच उदार होतो. "माझे सन्माननीय मित्र, गिडियन हॅले," मी म्हणालो, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. गिडियन उठला, वाकला. "मिस्टर कॉल्डवेल, आपले उपकार मी विसरणार नाही," तो म्हणाला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. मला वाटलं, दिवसभराचा थकवा असेल.

"मिस्टर हॅले, कोणाला मत?"

गिडियन उघड्या दाराकडे बघत होता. दारातून पायऱ्या दिसत होत्या, रिकामी टोपली मांडीवर घेऊन बसलेली जूडिथ दिसत होती. तिला आत यायची मुभा नव्हती.

"गिडियन हॅले," तो म्हणाला.

लेम्युएलला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. "मी मत कोणाला असं विचारलं."

"ऐकलं मी. गिडियन हॅले."

कारकुनाची लेखणी तशीच थांबली. मी खुर्चीत होतो तसाच बसून राहिलो. कोणीतरी थोबाडीत मारली असती तर बरं वाटलं असतं, निदान काय करायचं ते कळलं असतं. मागून कोणीतरी ओरडलं, "मग उठून आभार मान की स्वतःचे!" आणि ते दालन असं हसलं की छताची धूळ खाली पडली. गिडियनचा पक्ष घेणारेही हसले. लोहारसुद्धा. मेजर ट्रॅव्हर्स हसला नाही. त्यानं टोपी घातली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "आपल्या काउंटीनं आज एक सभासद निवडला आणि एक सद्गृहस्थ गमावला."

गिडियन माझ्याशेजारून गेला तेव्हा थांबला. "एझ्रा—"

"तोंड दाखवू नकोस," मी म्हणालो.

घरी गेलो तेव्हा बातमी माझ्याआधी पोचलेली. माझी बायको प्रुडन्स माझे बूट काढत होती. मी तावातावानं सगळं पुन्हा सांगितलं. तिनं ऐकून घेतलं, आणि बूट उलटा करून त्यातली माती झटकत म्हणाली, "मिस्टर कॉल्डवेल, त्यानं अपमान तुमचा केला की स्वतःचा?"

"माझी जागा गेली ना!"

"ते झालं. मी अपमानाचं विचारते."

मी दुसरा बूट पुढं केला. त्यानंतर आठ महिने मी गिडियनशी बोललो नाही. कोर्टात समोर आलो की "माझे विद्वान मित्र" म्हणायचं, बाहेर पडलो की पाठ फिरवायची. खाणावळीत मी जमिनीवर झोपलो. गुडघ्यांनी त्याचा सूड आजवर घेतला.

डिसेंबरात तो रिचमंडला गेला, आणि नाताळच्या चार दिवस आधी परत आला. मी तबेल्यात घोड्याचा नाल बघत होतो, तो आत आला. दाढी वाढलेली, खांदे उतरलेले. इतका दमलेला माणूस मी क्वचित बघितला असेल, आणि आमच्या धंद्यात दमलेली माणसं रोज दिसतात. त्यानं खोगीर उतरवलं आणि त्याच्यावरच बसला. माझ्यानं राहवलं नाही.

"काय झालं अर्जाचं?"

"फेटाळला."

"भाषण केलंस?"

"उभा राहिलो. पहिलं वाक्य पुरं व्हायच्या आत मागून कोणीतरी विचारलं, हे गृहस्थ बाईच्या बाजूनं बोलतायत की नेहमीसारखे स्वतःच्या? सगळी सभा हसली. आपल्याकडची गोष्ट तिथं माझ्याआधी पोचली होती. हसणाऱ्या माणसाला पटवता येत नाही, एझ्रा. रागावलेल्याला येतं."

गिडियनचं बोलणं मी अकरा वर्षं ऐकलं होतं. दगडाला पाझर फोडणं म्हणतात ते त्याला येत होतं. पाणचक्कीच्या खटल्यातसुद्धा त्यानं ज्यूरीला रडवलं होतं. त्या माणसाला पहिलं वाक्यसुद्धा पुरं करू दिलं नव्हतं.

"मग मिळवलंस काय?" मी विचारलं. माझा आवाज चढला. "नाव घालवलंस, आणि नाव गेलं म्हणून कामही गेलं. गप्प माझं नाव घेतलं असतंस तर पुढच्या वर्षी पुन्हा निवडून आला असतास, मानानं. तेव्हा मांडायचा अर्ज!"

"पुढच्या वर्षी ती कुठं असती?"

मी घोड्याचा खूर पुन्हा हातात घेतला.

"तू निवडून आला असतास तर अर्ज मांडला असतास?" त्यानं विचारलं.

"नाही."

"झालं तर मग." तो उठला, घोड्याच्या पाठीवरून हात फिरवला. "मला वाटलं, नाव माझं आहे, ते मी घालवू शकतो. त्या नावावरच तिचं सगळं चालणार होतं, हे माझ्या ध्यानात आलं नाही. इतका हुशार वकील मी, आणि हे ध्यानात आलं नाही."

नाताळ आला आणि गेला. जूडिथ गेली नाही. मार्च महिन्यात कोर्ट भरलं, आणि गावच्या पंचांनी तिच्यावर आरोप ठेवला, की मुदत संपूनही ही बाई या काउंटीत राहते आहे. पंचांचा मुखिया हॉबसन, नवा दुकानदार, कायद्याला फार धरून. आणि काउंटीचा सरकारी वकील, हे अजून सांगितलं नाही, मीच होतो. खटला मी चालवायचा होता.

सिद्ध करायचं काय, तर बाई इथं राहते. बस. एवढं सिद्ध झालं की जजला दुसरा मार्ग नव्हता, आणि पुढच्या कोर्टाच्या दिवशी तिला त्याच पायऱ्यांवर उभं करून तिचा लिलाव झाला असता.

त्या दिवशी दालन भरलेलं. जूडिथ समोर उभी होती, टोपली बाहेर ठेवून. निम्म्या लोकांच्या हातात तिचेच केक होते. मेजर ट्रॅव्हर्स नेहमीच्या खिडकीशी. जज पेम्बर्टन म्हातारे, बहिरेपणाकडे झुकलेले, पण हवं ते त्यांना ऐकू येई.

"बचाव पक्ष तयार आहे?" त्यांनी विचारलं.

गिडियन उठला. "तयार आहे, जजसाहेब."

"स्वतःला मत द्यायला!" मागून कोणीतरी म्हणालं.

हशा झाला. वर्ष होत आलं तरी तोच विनोद, तोच हशा. पेम्बर्टनही ओठ चावत खाली बघायला लागले. गिडियन बसला नाही. हातातले कागद सारखे करत राहिला. जूडिथ त्याच्याकडे बघत नव्हती, माझ्याकडे बघत होती. रागानं नाही, विनवणीनंही नाही. आता हा माणूस काय करतो, एवढंच बघत होती.

खोटं कशाला बोलू, मी त्या दिवसाची वाट बघितली होती. मनातल्या मनात भाषणही केलं होतं. दोन वाक्यांत जिंकलो असतो. पण आयुष्यभर मी गिडियनशी भांडलो ते त्याच्या जिभेशी भांडलो, आणि आता ती जीभच कापलेली होती, आणि ती कशापायी कापली गेली ते मला ठाऊक होतं. मला एकदम इतका थकवा आला की खुर्चीचा हात धरून उठावं लागलं.

"सरकार पक्ष तयार आहे?"

"नाही, जजसाहेब."

पेम्बर्टननी ऐकायला कानामागं हात धरला. "काय नाही?"

"सरकार पक्ष तयार नाही. साक्षीदार मिळालेला नाही. तारीख वाढवून मिळावी."

"कसला साक्षीदार?"

"ही बाई या काउंटीत राहते, असं शपथेवर सांगणारा."

लोक आधी हसायला लागले. कोणाच्या तोंडात केक होता, त्याला ठसका लागला. मग एकेकाच्या ध्यानात आलं, आणि हसू विरत गेलं. म्हाताऱ्या पेम्बर्टननी माझ्याकडे बराच वेळ बघितलं. मग ते दालनाकडे वळले.

"या दालनात असा कोणी आहे का, की ज्याला या बाईचा राहण्याचा ठिकाणा माहीत आहे आणि जो तसं शपथेवर सांगेल?"

याच दालनात वर्षापूर्वी प्रत्येकानं मोठ्यानं नाव घेतलं होतं, भीतीनं का होईना. आता कोणी तोंड उघडेना. हॉबसन अर्धवट उठला. त्यानं आजूबाजूला बघितलं. दुकानदार माणूस, गिऱ्हाइकांचे चेहरे वाचण्यावर त्याचं पोट. डॅन स्टोव्हर त्याच्या अगदी मागच्या बाकावर होता, आणि डॅननं नुसतं घसा साफ केल्यासारखं केलं. हॉबसन बसला.

मग सगळ्यांच्या नजरा खिडकीकडे गेल्या. मेजरनं तोंड उघडलं असतं तर तिथंच संपलं असतं. पण त्याला पुढं येऊन, बायबलावर हात ठेवून, साऱ्या गावासमोर सांगावं लागलं असतं, की केकवाली बाई कुठं राहते ते मला ठाऊक आहे. न बोलावता साक्षीला उभं राहणं हे सद्गृहस्थाचं काम नव्हे. तो मला डोळ्यांनी खाऊन टाकत होता, पण जागचा हलला नाही.

"तारीख वाढवली," पेम्बर्टन म्हणाले. "पुढचा खटला."

बाहेर मेजरनं मला गाठलं. "कॉल्डवेल, तू मला शब्द दिला होतास."

"विधानसभेतल्या मताचा दिला होता, मेजर," मी म्हणालो. "तिथं मी पोचलोच नाही."

गिडियन पायऱ्यांवर बसला होता. मी शेजारी बसलो. मग तो म्हणाला, "म्हणजे मला माफ केलंस?"

"मुळीच नाही. माझी जागा गेली."

त्यानं मान हलवली. पुन्हा तो कधी निवडणुकीला उभा राहिला नाही. कोणी उभं करणारही नव्हतं. पण त्या रात्रीपासून खाणावळीत मी परत पलंगावर झोपायला लागलो.

जूडिथ आली, टोपली उचलायला. मला म्हणाली, "साहेब, पुढच्या तारखेला काय?"

"पुढच्या तारखेलाही तयारी झालेली नसेल."

"आणि त्याच्या पुढच्या?"

"तेव्हाही. खटला निकालात निघत नाही तोवर तुला हात लावता येत नाही कोणाला. पण प्रत्येक वेळी तुला यावं लागेल, उभं राहावं लागेल. आणि मी काही अमर नाही, जूडिथ. म्हातारा होईन. माझ्या जागी दुसरा आला तर तो तयार असेल."

तिनं टोपली कमरेवर घेतली. "मग म्हातारे होऊ नका," ती म्हणाली, आणि गेली. आभार मानले नाहीत. मानायचं कारणही नव्हतं. मी तिला काही दिलं नव्हतं. तिचंच होतं ते, आणि तेही तीन-तीन महिन्यांच्या तुकड्यांनी.

याला आता एकोणीस वर्षं झाली. पेम्बर्टन गेले, मेजर गेला, चार वर्षांपूर्वी गिडियनही गेला. ॲरन आणि मुलं मेजरच्या मुलाकडे गेली, वारशानं, गाईगुरांबरोबर. पण नदीपलीकडेच आहेत, आणि रविवारी जूडिथला भेटतात. नवे जज येतात, कागद चाळतात, आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघतात. तरुण वकील मला ऐकू जाईल असं म्हणतात, की म्हाताऱ्या कॉल्डवेलला एवढ्या वर्षांत एक खटला तयार करता आला नाही. म्हणू देत. प्रुडन्स म्हणते, आता पुरे, सोडा ती सरकारी वकिली, घरी बसा. तिचं खरं आहे. पाय सुजतात, ऐकू कमी येतं, आणि मागच्या तारखेला तर मी उभ्या उभ्या पेंगलो.

उद्या तारीख आहे. घोड्यावर चढवायला आता दोन माणसं लागतात. पण मी जाणार. तयारी नाही एवढंच सांगायचं असतं, पण ते घरी बसून सांगता येत नाही.